एक उपकरण, दोन संगणक : यूएसबी जोडणीतील बिघाड कसा शोधावा?

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ होती. आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत शेजारच्या हायस्कूलमधील नववीचे चार विद्यार्थी बसले होते. त्यांचा प्रयोग साधा पण नेटका होता. स्टीलच्या दोन सारख्या भांड्यांत सारखेच गरम पाणी घ्यायचे, एका भांड्याला सुती कापड गुंडाळायचे, दुसरे उघडे ठेवायचे आणि दोन्हींतले पाणी कसकसे निवते त्याचा आलेख काढायचा. तापमान मोजण्यासाठी त्यांनी 'आर्डुइनो लिओनार्डो' नावाचा एक लहानसा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वापरला होता. हा बोर्ड यूएसबी केबलने संगणकाला जोडला की दर १० सेकंदांनी तापमानाचा एक आकडा पाठवी.

आमच्या प्रयोगशाळेतील संगणक लिनक्सवर चालतात. आलेख काढणारा प्रोग्रॅम मात्र एका जुन्या उपकरणसंचाबरोबर आलेला आणि केवळ विंडोज ७ वर चालणारा. म्हणून लिनक्सच्या संगणकातच 'व्हर्च्युअलबॉक्स' या प्रोग्रॅमच्या मदतीने एक आभासी संगणक तयार करून त्यात विंडोज ७ बसवले होते. नोंदी छान येत होत्या. मुलांना त्या दर ३० सेकंदांनी हव्या होत्या, म्हणून बोर्डावर नवा प्रोग्रॅम चढवणे आले. तेथेच घोडे अडले. चढवण्याचे बटन दाबले की विंडोजमधून बोर्ड नाहीसा होई. थोड्या वेळाने तो परत दिसे, पण आत जुनाच प्रोग्रॅम!

मुलांनी केबल बदलली, संगणक बंद करून चालू केला, प्रोग्रॅम पुन्हा बसवला. दोन तास गेले. "सर, बोर्ड जळला वाटतं. नवा आणायचा, तर दुकान आठला बंद होतं," एकजण रडवेल्या आवाजात म्हणाला. बोर्ड जळलेला नव्हता. मग तो जात तरी कुठे होता? हे समजून घेण्यासाठी आधी थोडी पार्श्वभूमी पाहू.

संगणकातला संगणक

आभासी संगणक, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, हा एक प्रोग्रॅमच असतो. पण तो आपल्या आत एका संपूर्ण संगणकाची नक्कल उभी करतो. आत बसवलेल्या विंडोजला वाटते की आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची स्मृती आहे, स्वतःची डिस्क आहे. प्रत्यक्षात ती 'डिस्क' म्हणजे बाहेरच्या संगणकावरील एक मोठी फाइल असते. बाहेरच्या खऱ्या संगणकाला आपण 'यजमान' म्हणू आणि आतल्या आभासी संगणकाला 'पाहुणा'.

ही कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीने १९६० च्या दशकात आपल्या मोठ्या संगणकांवर असे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' ही प्रणाली जाहीर केली. एकाच महागड्या यंत्रावर अनेकांना स्वतंत्र संगणकाचा अनुभव देता यावा, हा त्यामागचा हेतू होता. आज आपण तिचा उपयोग आणखी एका कामासाठी करतो. विंडोज ७ चा सर्वसाधारण आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, त्यामुळे ते खऱ्या संगणकावर ठेवून इंटरनेटला जोडणे धोक्याचे. पण इंटरनेट तोडलेल्या पाहुण्या संगणकात ते ठेवले, तर जुने प्रोग्रॅम आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली जुनी, चांगली उपकरणे वापरता येतात.

आता एक महत्त्वाचा फरक ध्यानात घ्या. प्रोसेसरचा वेळ वाटता येतो, थोडा यजमानाला, थोडा पाहुण्याला. स्मृतीचेही वाटे करता येतात. यूएसबी उपकरणाचे असे वाटे करता येत नाहीत. दोन मालकांनी एकाच वेळी त्याला दोन वेगळे हुकूम दिले, तर सगळाच गोंधळ होईल. म्हणून उपकरण एका वेळी एकाच्याच ताब्यात असते, यजमानाच्या किंवा पाहुण्याच्या. आपल्या साऱ्या विवेचनाचे सूत्र या एका वाक्यात आहे.

चार तारांची ओळखपरेड

यूएसबीचे पहिले मानक जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटेल कंपनीतील ज्या अभियंत्यांनी ते घडवले, त्यांत बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट हे प्रमुख होते. त्यापूर्वी माऊस, कळफलक आणि प्रिंटर यांच्यासाठी वेगवेगळ्या आकारांच्या खाचा असत. त्यांच्या जागी सर्वांसाठी एकच खाच आली.

यूएसबी २.० पर्यंतच्या साध्या केबलमध्ये चार तारा असतात. एक ५ व्होल्टची, एक शून्य व्होल्टची आणि माहिती वाहून नेणाऱ्या दोन, 'डी अधिक' व 'डी उणे'. उपकरण जोडले गेले हे संगणकाला कसे कळते? येथे तुमच्या पाठ्यपुस्तकातील ओहमचा नियम कामी येतो. संगणकाच्या बाजूला माहितीची प्रत्येक तार १५ किलोओहमच्या रोधातून शून्य व्होल्टला जोडलेली असते. काही जोडलेले नसेल तेव्हा तारेवरचे विभव शून्य. आमच्या बोर्डासारख्या उपकरणात 'डी अधिक' ही तार १.५ किलोओहमच्या रोधातून ३.३ व्होल्टला जोडलेली असते. केबल लावताच हे दोन रोध एकसर जोडणीत येतात, आणि तारेवरचे विभव होते :

३.३ × १५ ÷ (१५ + १.५) = ३.० व्होल्ट

शून्यावर असलेली तार एकदम ३ व्होल्टवर चढली की संगणक ओळखतो, कोणीतरी आले! वर चढलेली तार 'डी अधिक' असेल तर पाहुणा सेकंदाला १ कोटी २० लाख बिट या वेगाचा किंवा त्याहून जलद. 'डी उणे' असेल तर सेकंदाला १५ लाख बिटांचा, म्हणजे संथ.

यानंतर ओळखपरेड सुरू होते. संगणक उपकरणाला पूर्वस्थितीत आणतो. या क्षणी उपकरणाचा पत्ता ० असतो. संगणक विचारतो, "तू कोण?" उपकरण आपल्या निर्मात्याचा क्रमांक आणि उत्पादनाचा क्रमांक सांगते. संगणक त्याला १ ते १२७ यांपैकी एक पत्ता देतो आणि त्या क्रमांकांना जुळणारा ड्रायव्हर शोधतो. हे दोन क्रमांक षोडशमान पद्धतीच्या चार-चार अंकांत लिहितात. आमच्या बोर्डाच्या निर्मात्याचा क्रमांक आहे २३४१. उत्पादनाच्या क्रमांकाची गोष्ट पुढे येईल.

पाहुण्या संगणकाच्या बाबतीत ही ओळखपरेड दोनदा होते. प्रथम यजमान खऱ्या खाचेत उपकरण ओळखतो. मग व्हर्च्युअलबॉक्स ते यजमानाकडून काढून घेतो आणि पाहुण्याच्या आभासी खाचेत 'घालतो'. पाहुण्याला वाटते, कोणी आत्ताच केबल लावली. तो पुन्हा पहिल्यापासून विचारतो, "तू कोण?" आणि यजमानाला वाटते, कोणी केबल उपटली. म्हणूनच पेनड्राइव्ह पाहुण्याला देण्यापूर्वी यजमानावर तो रीतसर 'इजेक्ट' करावा. नाहीतर अर्धवट लिहिलेल्या फाइली खराब होण्याचा संभव असतो.

साखळी मधोमध तोडून पाहा

केबलपासून आलेखाच्या प्रोग्रॅमपर्यंत एक साखळीच आहे. तिचे सहा दुवे असे :

१. केबल आणि वीजपुरवठा
२. यजमानाने उपकरण ओळखणे
३. उपकरण ताब्यात घेण्याची परवानगी
४. पाहुण्याकडे हस्तांतर (आभासी नियंत्रक व फिल्टर)
५. पाहुण्यातील ड्रायव्हर
६. प्रत्यक्ष काम करणारा प्रोग्रॅम

बिघाड यांपैकी कोठेही असू शकतो. बहुतेक जण हाताला येईल तो दुवा आधी तपासतात, आणि सहावा दुवा गाठेपर्यंत रात्र होते. कुशल वायरमन असे करत नाही. घरातला दिवा लागत नसेल तर तो मध्यावरच्या बटनापाशी टेस्टर लावून पाहतो. वीज तेथवर आली असेल तर मागचा सारा भाग निर्दोष. आली नसेल तर पुढचा भाग तपासण्याची घाई नको. एका परीक्षेत निम्मी साखळी बाद होते. सहा दुव्यांतील एक सदोष दुवा या रीतीने जास्तीत जास्त तीन परीक्षांत सापडतो, कारण तीन हो-नाही उत्तरांतून २ × २ × २ = ८ शक्यता वेगळ्या करता येतात.

आपल्या साखळीत मध्यावरचा टेस्टर तयारच आहे. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीतील 'डिव्हायसेस' या मेनूत 'यूएसबी' अशी यादी असते. पहिला प्रश्न हाच : यादीत उपकरणाचे नाव दिसते का?

नाव दिसत नसेल तर

बिघाड पहिल्या तीन दुव्यांत आहे. आता यजमानालाच विचारा. लिनक्सवर 'एल-एस-यू-एस-बी' ही आज्ञा दिली की जोडलेल्या उपकरणांची यादी क्रमांकांसह मिळते.

यजमानाच्या यादीत उपकरण आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या यादीत नाही, तर दोष तिसऱ्या दुव्यात, म्हणजे परवानगीत. लिनक्सवर संगणक वापरणारा 'व्ही-बॉक्स-यूजर्स' या गटाचा सभासद असावा लागतो. गटात नाव घातल्यावर एकदा लॉग-आउट होऊन पुन्हा लॉग-इन करावे लागते. हे विसरल्यामुळे "सगळं केलं तरी होत नाही" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात.

यजमानालाही उपकरण दिसत नसेल, तर आभासी संगणकाचा विषय तूर्त बाजूला ठेवा. तपासायची ती केबल, खाच आणि उपकरण. बाजारात केवळ चार्जिंगसाठी केलेल्या केबल मिळतात. त्यांत विजेच्या दोनच तारा असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण 'डी अधिक' तारच नसल्याने ३ व्होल्टची हाक संगणकापर्यंत पोचत नाही. दिवा लागला म्हणजे जोडणी झाली, असे समजू नका.

लांब, बारीक केबलही दगा देते. समजा, केबल ३ मीटर लांब आहे आणि विजेच्या तांब्याच्या तारांचा व्यास ०.३२ मिलिमीटर आहे. अशा तारेचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज जाते एका तारेने आणि परत येते दुसरीने, म्हणजे एकूण ६ मीटर, रोध १.२६ ओहम. उपकरण ०.५ अँपिअर विद्युतधारा घेत असेल तर केबलमध्येच १.२६ × ०.५ = ०.६३ व्होल्ट खर्ची पडतात. उपकरणाला ५ ऐवजी उरतात ४.३७ व्होल्ट! मग उपकरण मधूनच तुटते, मधूनच जोडले जाते. दोष विजेचा, आणि आपण मात्र प्रोग्रॅम बदलत बसतो. आखूड केबलने संगणकाच्या मागील खाचेत थेट जोडून पाहिले की याचा निकाल लागतो.

नाव दिसत असेल तर

पहिले तीन दुवे निर्दोष ठरले. यादीतील नावासमोर खूण करून उपकरण पाहुण्याला द्या आणि विंडोजमधील 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. येथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

काहीच नवे दिसले नाही, तर चौथा दुवा पाहा. आभासी संगणकाच्या सेटिंगमध्ये यूएसबी नियंत्रकाचे तीन प्रकार असतात : ओएचसीआय (यूएसबी १.१ साठी), ईएचसीआय (२.० साठी) आणि एक्सएचसीआय (३.० साठी). सर्वांत नवा तोच सर्वांत चांगला, असे वाटून आपण तिसरा निवडतो. पण विंडोज ७ मध्ये यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नसतो. तो विंडोज ८ पासून आला. ज्या खाचेची भाषाच पाहुण्याला येत नाही, तिच्यात उपकरण घालून काय उपयोग? विंडोज ७ साठी २.० चा नियंत्रक निवडावा. निवड बदलण्यापूर्वी आभासी संगणक पूर्ण बंद करावा लागतो. व्हर्च्युअलबॉक्सच्या ७.० पूर्वीच्या आवृत्त्यांत २.० व ३.० च्या नियंत्रकांसाठी 'एक्स्टेन्शन पॅक' नावाची जोड वेगळी बसवावी लागे, हेही लक्षात असू द्या.

उपकरण दिसले पण त्यावर पिवळी खूण आहे, तर पाचवा दुवा : ड्रायव्हर नाही. तो पाहुण्यातच बसवावा लागतो. यजमानावर बसवलेला ड्रायव्हर पाहुण्याच्या कामाचा नाही, कारण उपकरण आता यजमानाच्या ताब्यातच नाही.

उपकरण नीट दिसते, कॉम पोर्टचा क्रमांकही मिळाला आहे, आणि तरी काम होत नाही, तर सहावा दुवा. प्रोग्रॅममध्ये निवडलेला पोर्ट तोच आहे ना? दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तो उघडून ठेवलेला नाही ना? एक पोर्ट, एक प्रोग्रॅम.

हरवलेल्या बोर्डाचे कोडे

आता त्या संध्याकाळकडे वळू. मुलांना मी हे सहा दुवे फळ्यावर लिहून दिले आणि एकच अट घातली : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदल वहीत लिहायचा.

नोंदी व्यवस्थित येत होत्या, याचा अर्थ सहाही दुवे चालू होते. केबल चांगली, परवानगी आहे, ड्रायव्हर आहे. मग चढवण्याच्या वेळीच काय बिघडते? मी त्यांना सांगितले, "यजमानाची यादी आत्ता एकदा पाहा, आणि बोर्ड नाहीसा होतो त्याच क्षणी पुन्हा पाहा."

एका मुलीने पहिली यादी वहीत उतरवली : २३४१, ८०३६. दुसऱ्याने बोर्डावरील रीसेटचे बटन दाबले, तिने लगेच आज्ञा दिली आणि ओरडली, "सर, आकडा बदलला! आता २३४१, ००३६ आहे!" सुमारे आठ सेकंदांनी पुन्हा ८०३६.

कोडे सुटले. या बोर्डात दोन प्रोग्रॅम असतात. एक आपण लिहिलेला. दुसरा 'बूटलोडर', ज्याचे काम नवा प्रोग्रॅम स्वीकारणे. बोर्डातील एकच चिप स्वतःची ओळखही सांगते, त्यामुळे बूटलोडर जागा झाला की बोर्ड आपले उत्पादन क्रमांक बदलून नव्याने ओळख सांगतो. संगणकाच्या दृष्टीने एक उपकरण गेले आणि दुसरे आले. हा बूटलोडर सुमारे आठ सेकंद वाट पाहतो. काही आले नाही तर जुना प्रोग्रॅम पुन्हा सुरू करतो.

आम्ही व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक फिल्टर लावून ठेवला होता. फिल्टर म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्याला सांगितले होते, "२३४१, ८०३६ आला की पाहुण्याकडे पाठव." त्याने हुकूम चोख पाळला. ००३६ आला तेव्हा तो अनोळखी ठरला आणि यजमानापाशीच थांबला. पाहुण्यातला प्रोग्रॅम आत वाट पाहत राहिला, बूटलोडर बाहेर वाट पाहत राहिला आणि आठ सेकंद संपले. तेवढ्या वेळात हाताने यादी उघडून खूण करणे कोणाला जमणार?

उपाय दोन होते. ००३६ साठी दुसरा फिल्टर लावायचा, किंवा पहिल्या फिल्टरमधील उत्पादन क्रमांकाची जागा रिकामी ठेवून त्या निर्मात्याचे प्रत्येक उपकरण आत सोडायचे. आम्ही पहिला उपाय निवडला, कारण पहारेकऱ्याला जेवढे नेमके सांगावे तेवढे बरे. पहिल्या प्रयत्नात तरीही यश आले नाही. विंडोजच्या दृष्टीने ००३६ हे नवे उपकरण होते. त्याचा ड्रायव्हर बसेपर्यंतच आठ सेकंद निघून गेले. दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी ड्रायव्हर तयार होता. नवा प्रोग्रॅम चढला आणि ३० सेकंदांनी पहिली नोंद आली. दुकान तोवर बंद झाले होते, पण त्याची आता गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनात कापड गुंडाळलेल्या भांड्याची रेषा उघड्या भांड्याच्या वर चालली होती. त्या आलेखाशेजारी मुलांनी वहीचे ते पानही लावले होते, २३४१, ८०३६ आणि २३४१, ००३६. मला विचाराल तर ते पान आलेखाइतकेच मोलाचे होते. "चालत नाही" हे निरीक्षण नव्हे, ती तक्रार झाली. "येथवर चालते, येथून पुढे चालत नाही, आणि त्या क्षणी हा आकडा बदलतो" हे निरीक्षण. बिघाड रेडिओत असो, मोटारीच्या इंजिनात असो किंवा आभासी संगणकात असो, त्याचा शोध अशा निरीक्षणापासून सुरू होतो.

करून पाहा

१. टाकून दिलेली, कशालाही न जोडलेली जुनी यूएसबी केबल शिक्षकांच्या देखरेखीखाली सोलून आतील तारा मोजा. दोन निघाल्या तर ती कोणत्या कामाची होती?

२. केबलची लांबी १ मीटर आणि विद्युतधारा ०.१ अँपिअर असेल, तर वरील तारेत किती व्होल्ट खर्ची पडतील? (उत्तर : ०.०४२ व्होल्ट.)

३. शाळेतील लिनक्सच्या संगणकावर माऊस काढून आणि लावून यजमानाची यादी दोनदा पाहा. कोणती ओळ वाढली? तिच्यातील निर्मात्याचा आणि उत्पादनाचा क्रमांक वहीत लिहा.

४. तुमच्या घरातील पाण्याच्या टाकीपासून नळापर्यंतचे दुवे लिहा. नळाला पाणी येत नसेल तर पहिली परीक्षा कोठे कराल, आणि का?